बंद कक्षातील आवाज : ‘बूथ’ या जपानी चित्रपटातील मुसावाद

धम्मविषयक नियतकालिकात एका भूतपटाचे परीक्षण यावे, याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. काहींस ते खटकेलही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी श्राद्ध आणि पिंडदान यांचा आम्हास त्याग करावयास लावला. मृतांच्या भयावर उभा असलेला सगळा कर्मकांडाचा व्यवहार त्या एका संकल्पाने कोसळला. असे असता भूतपिशाच्चांच्या कथेकडे वळण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या चित्रपटाविषयी आम्ही लिहीत आहोत त्याचा विषय वरवर पाहता भूत असला तरी खरा विषय चौथे शील हा आहे. असत्य बोलणाऱ्या माणसाच्या चित्ताचे काय होते, याचे इतके नेमके चित्रण अलीकडच्या चित्रपटांत आम्ही क्वचितच पाहिले आहे. त्याच वेळी, त्या चित्ताला सुटकेचा मार्ग कोणता, या प्रश्नावर हा चित्रपट जेथे थांबतो तेथून पुढे बुद्धवचनाला पुष्कळ सांगावयाचे आहे. या दोन्ही गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्रपटाचे नाव ‘बूथ’. जपानी उच्चार ‘बूसु’. दिग्दर्शक योशिहिरो नाकामुरा यांनी तो २००५ साली केला. हेच नाकामुरा २००२ सालच्या हिदेओ नाकाता यांच्या ‘डार्क वॉटर’ या गाजलेल्या भयपटाचे एक पटकथाकार होते. जपानी भयपटाने त्या दशकात एक विशिष्ट वाट धरली होती. नाकातांच्या ‘रिंग’मध्ये (१९९८) भय चित्रफितीतून येते; कियोशी कुरोसावा यांच्या ‘पल्स’मध्ये (२००१) ते संगणकाच्या जाळ्यातून येते; ताकाशी मिइके यांच्या ‘वन मिस्ड कॉल’मध्ये (२००३) भ्रमणध्वनीतून. माणसाने माणसाशी बोलण्यासाठी जी यंत्रे निर्माण केली तीच भयाची द्वारे झाली, असा या चित्रपटांचा समान सूर आहे. ‘बूथ’ने त्यांपैकी सर्वांत जुने यंत्र निवडले : नभोवाणी.

कथा थोडक्यात अशी. एका नभोवाणी केंद्राचे स्थलांतर चालू आहे. त्यामुळे एका लोकप्रिय रात्रकालीन कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण जुन्या, वापरात नसलेल्या सहा क्रमांकाच्या स्टुडिओतून करावे लागते. अनेक वर्षांपूर्वी याच स्टुडिओत एका निवेदकाने गळफास घेतला होता, अशी त्या जागेची ख्याती. कार्यक्रमाचा तरुण निवेदक (र्युता सातो या नटाने ही भूमिका केली आहे) आत्मसंतुष्ट आणि उद्धट आहे. श्रोत्यांनी, त्यातही तरुण मुलींनी, दूरध्वनीवरून आपल्या प्रेमातील व्यथा सांगावयाच्या आणि याने चटपटीत सल्ला द्यावयाचा, असा हा कार्यक्रम. त्या रात्री एका श्रोत्याशी बोलणे चालू असता ध्वनिवाहिनीवर भलताच आवाज उमटतो आणि एकच शब्द उच्चारतो : ‘उसोत्सुकी’, म्हणजे ‘खोटारडा’. पुढे श्रोते जी गाऱ्हाणी सांगतात ती निवेदकाला त्याच्याच पूर्वायुष्यातील प्रसंगांसारखी वाटू लागतात. ज्या स्त्रियांशी तो दगाबाजीने वागला त्यांची आठवण एकेका दूरध्वनीबरोबर वर येते. सहकारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, असा त्याला संशय येतो. कार्यक्रम तर थांबविता येत नाही. कक्षातून उठून जाता येत नाही. सुमारे सव्वा तासाचा हा चित्रपट मुख्यत्वे त्या एका खोलीत घडतो. शेवट काय होतो, हे सांगून वाचकांचा रसभंग करण्याचे आम्हास कारण नाही.

या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या स्थळात आहे. निवेदकाचा कक्ष ही मोठी चमत्कारिक जागा असते. बाहेरचा एकही आवाज आत येऊ नये अशी तिची भिंत, आणि आतला प्रत्येक उच्चार हजारो घरांत पोहोचावा अशी तिची योजना. निवेदकाच्या समोर काच असते. काचेपलीकडचे सहकारी त्याला दिसतात, परंतु त्यांचे आपसातील बोलणे त्याला ऐकू येत नाही. ते हसले तर कशास हसले, हे कळत नाही. ज्यांच्याशी तो बोलतो ते श्रोते त्याला दिसत नाहीत. जे दिसतात त्यांचे शब्द त्याला मिळत नाहीत. संशयी चित्ताला याहून सोयीची जागा नाही. नाकामुरा यांनी रक्तपात किंवा विद्रूप मुखवटे यांवर भिस्त न ठेवता या काचेचा, या शांततेचा आणि दूरध्वनीतील खरखरीचा उपयोग करून घेतला, ही त्यांची दृष्टी दाद देण्याजोगी आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. मज्झिमनिकायातील बालपण्डित सुत्त आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. ‘बाल’ म्हणजे मूढ, दुश्चरित आचरणारा. अशा माणसाला याच जन्मी, ‘दिट्ठेव धम्मे’, तीन प्रकारचे दुःख भोगावे लागते, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. पहिले दुःख असे : तो मूढ सभेत, हमरस्त्यावर किंवा चव्हाट्यावर बसलेला असतो. तेथे लोक हत्या, चोरी, व्यभिचार, असत्य अशा विषयांवर सहज बोलत असतात. त्यांना याचे काही ठाऊक नसते. परंतु याच्या मनात येते की, हे लोक ज्याविषयी बोलत आहेत ते माझ्या ठायी आहे. दुसरे दुःख : राजाने पकडलेल्या अपराध्यांना होणारी शिक्षा पाहून, माझे कृत्य उघड झाले तर माझीही हीच गत होईल, ही धास्ती. तिसरे दुःख : तो खुर्चीवर किंवा शय्येवर एकटा असता, पूर्वी केलेली दुष्कृत्ये त्याच्यावर उतरू लागतात, सायंकाळी मोठ्या पर्वतशिखरांची सावली जशी जमिनीवर उतरते आणि पसरते, तशी.

‘बूथ’ पाहिल्यानंतर हे सुत्त पुन्हा उघडावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे. निवेदकाचा कक्ष हाच त्या सुत्तातील चव्हाटा आहे. अनोळखी श्रोते आपापली दुःखे सांगतात; त्यांना निवेदकाच्या आयुष्याची काहीच माहिती नाही. तरीही प्रत्येक गाऱ्हाणे त्याला आपल्याविषयीचे वाटते. हे पहिले दुःख. आपले कृत्य कोणाला तरी कळले आहे, काचेपलीकडे बसलेल्यांना ते ठाऊक आहे, ही धास्ती हे दुसरे दुःख. आणि रात्रीच्या त्या खुर्चीवर एकेका आठवणीने उतरत येणारी सावली हे तिसरे. तिन्ही दुःखे एकाच खुर्चीवर, एकाच रात्री. दिग्दर्शकाने हे सुत्त वाचले होते की नाही, याच्याशी आम्हास कर्तव्य नाही. चित्ताचे निरीक्षण जेथे खरे असते तेथे ते बुद्धवचनाशी जुळते, इतकेच यातून दिसते.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, या तीन दुःखांसाठी सुत्ताला भूताची गरज पडलेली नाही. पुढे त्याच सुत्तात निरयाची वर्णने येतात, हे खरे. त्या वर्णनांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु जी तीन दुःखे प्रथम सांगितली ती याच देही, याच डोळ्यांनी अनुभवावयाची आहेत. ती देण्यासाठी कोणी देव, कोणी यम, कोणी पिशाच्च लागत नाही. माणसाचे स्वतःचे चित्त पुरेसे आहे. अभिधम्मात याला ‘कुक्कुच्च’ असे नाव आहे : जे करू नये ते केल्याची आणि जे करावे ते न केल्याची टोचणी. पाच नीवरणांत उद्धच्चासह त्याची गणना होते. अंगुत्तरनिकायातील एका सुत्तात त्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाण्याची उपमा दिली आहे. अशा पाण्यात डोळस माणसालाही आपला चेहरा जसा आहे तसा दिसत नाही. आमच्या निवेदकाची हीच दशा आहे. त्याला सहकाऱ्यांत शत्रू दिसतात, श्रोत्यांच्या आवाजात आरोप ऐकू येतात. स्वतःचा चेहरा मात्र दिसत नाही.

दुसरा विचार वाणीचा. नीतिग्रंथांत असत्याविषयी पुष्कळ सांगितलेले असते, परंतु पाली अट्ठकथाकारांनी मुसावादाचे जसे विश्लेषण केले तसे अन्यत्र दुर्मीळ आहे. त्यांनी मुसावादाची चार अंगे सांगितली : वस्तू अयथार्थ असणे, फसविण्याचे चित्त असणे, त्या चित्तातून निघालेला प्रयत्न असणे, आणि ऐकणाऱ्याने तो अर्थ समजून घेणे. या चौथ्या अंगावर आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. असत्य बोलणाऱ्याच्या मुखात पूर्ण होत नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनात पूर्ण होते. समोरासमोर बोलताना ते एका मनात पूर्ण होते. सभेत शंभर मनांत. नभोवाणीवरून बोलताना ते किती मनांत पूर्ण झाले, हे बोलणाऱ्याला कधीच कळत नाही. ‘बूथ’मधील निवेदकाची वाणी केवळ असत्य नाही. श्रोत्याची थट्टा करताना ती फरुसा वाचा होते, आणि वेळ भरून काढण्यासाठी केलेली बडबड ही सम्फप्पलाप. वाणीच्या चार दुश्चरितांपैकी निदान तीन या एका कार्यक्रमात सुखाने नांदतात, आणि श्रोते त्यालाच मनोरंजन समजतात. ही टीका जपानी नभोवाणीपुरती मर्यादित नाही, हे सांगणे नलगे.

जपानमध्ये नभोवाणी आणि असत्य यांच्या संबंधाला एक इतिहासही आहे. टोकियोतून नभोवाणीचे प्रक्षेपण मार्च १९२५ मध्ये सुरू झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनेच्या मुख्यालयाची निवेदने याच माध्यमातून घराघरांत पोहोचत. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. जनतेला मात्र एक गमावले आणि एकाची मोठी हानी झाली, असे सांगण्यात आले. अशा निवेदनांची जी मालिका चालली तिच्यामुळे ‘दाइहोन्एइ हाप्प्यो’, म्हणजे ‘मुख्यालयाची घोषणा’, हा शब्दप्रयोग जपानी भाषेत अधिकृत असत्याचा पर्याय होऊन बसला. १५ ऑगस्ट १९४५ रोजी त्याच नभोवाणीवरून सम्राटाच्या आवाजात शरणागतीची वार्ता आली, तेव्हा त्या असत्याचा हिशेब लोकांना एकाच वेळी चुकता करावा लागला. ‘बूथ’ या इतिहासाचा उच्चार करीत नाही. परंतु जुन्या स्टुडिओत अद्याप काहीतरी शिल्लक आहे आणि ते ‘खोटारडा’ म्हणते, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्या समाजाच्या कानांत नभोवाणीच्या असत्याची स्मृती आहे, हे विसरून चालणार नाही.

येथवर आम्ही चित्रपटाची बाजू मांडली. आता त्याचे दोष.

पहिला दोष कार्यकारणाचा आहे. निवेदकावर संकट का येते? या प्रश्नाची चित्रपट दोन उत्तरे एकाच वेळी देऊ पाहतो. एक उत्तर : त्याने असत्य आचरिले म्हणून. दुसरे : ती जागा पछाडलेली आहे म्हणून. ही दोन उत्तरे एकत्र नांदू शकत नाहीत. जागाच पछाडलेली असेल तर तेथे सत्यवादी माणूस बसला तरी त्याचा बळी जावा. मग शीलाला अर्थ उरत नाही. आणि असत्य हेच कारण असेल तर सहा क्रमांकाच्या स्टुडिओची आवश्यकता नाही. तो निवेदक झगझगीत नव्या इमारतीत बसला असता तरी सावली त्याच्यावर उतरलीच असती. भगवंतांनी चेतनेला कम्म म्हटले आहे. चेतना माणसाची असते, वास्तूची नसते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी कम्मनियमाचा जो अर्थ विशद केला त्याप्रमाणे जगातील नैतिक व्यवस्था माणसाच्या कृतीवर अवलंबून आहे. ती कोणा अदृश्य शक्तीच्या हाती नाही. भयपटाला प्रेक्षक बिचकावा म्हणून पछाडलेली जागा हवी असते. त्या हव्यासापायी दिग्दर्शकाने आपल्याच निरीक्षणाची धार बोथट केली, असे आम्हास वाटते.

पेतवत्थूचे काय, असे कोणी विचारील. खुद्दकनिकायातील या ग्रंथात प्रेतयोनीतील जीवांच्या कथा आहेत, आणि त्यांत वाणीच्या अपराधाची एक कथाही आहे : सहचर भिक्खूंत चुगलीने फूट पाडणाऱ्याचे मुख कुजून किड्यांनी भरले. हा ग्रंथ उत्तरकालीन आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंतु त्याच्या कालाचा प्रश्न बाजूस ठेवला तरी एक भेद स्पष्ट आहे. पेतवत्थूतील पेत स्वतःच्या कृत्याचे फळ स्वतः भोगतो आणि ते इतरांना सांगतो. तो दुसऱ्यावर सूड उगवीत हिंडत नाही. जपानी भयकथेतील प्रेत सूड घेते. म्हणून ते बौद्ध परंपरेतून आले आहे, असे समजणे चूक होईल.

हा सूड कोणाचा असतो, हे पाहिले म्हणजे दुसरा आणि अधिक गंभीर दोष ध्यानात येतो. जपानी परंपरेतील सूड घेणारी प्रसिद्ध प्रेते बहुधा स्त्रियांची आहेत. चौथा त्सुरुया नाम्बोकु या नाटककाराच्या १८२५ सालच्या काबुकी नाटकातील ओइवा ही पतीच्या विश्वासघाताने मेलेली स्त्री. विहिरीतील ओकिकू ही तर घरकाम करणारी दासी. मालकाच्या दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर येतो. एका प्रसिद्ध पाठानुसार थाळी लपवून तो आळ रचलेला असतो. तिला मारून विहिरीत टाकतात, आणि मग रात्री विहिरीतून थाळ्या मोजण्याचा आवाज येऊ लागतो : नऊपर्यंत. दहावी कधीच सापडत नाही. असत्याचा बळी ठरलेल्या दासीला जिवंतपणी कोणी विचारले नाही. मेल्यावर सगळे कान देऊन ऐकू लागले. ‘बूथ’मधील आवाज याच विहिरीतून आला आहे. त्यातही दगाबाजी सोसणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यांचे म्हणणे भयाच्या वाटेनेच ऐकू येते.

ज्या समाजात पीडिताला न्याय मागण्यासाठी आधी मरावे लागते, त्या समाजाच्या कथांत भुते फार असतात. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. गावकुसाबाहेर ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या वाट्याला भुताखेतांच्या कथा कमी आल्या नाहीत. न्याय मात्र आला नाही. बाबासाहेबांनी तो न्याय मेल्यानंतरच्या जगावर सोपविला नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली जी माणसे गेली ती जिवंत होती आणि दिवसाढवळ्या गेली. पुढे त्यांच्या हाती संविधान आले. भूतकथा पीडितांविषयी सहानुभूती निर्माण करते, हे मान्य केले तरी ती सहानुभूती फार स्वस्त आहे. थिएटरातून बाहेर पडताच ती संपते, कारण जिवंत ओकिकूचे काय करावयाचे हे तिला ठाऊक नसते.

तिसरा दोष सुटकेचा. भीती कशी दाटत जाते हे चित्रपट दाखवितो. तिच्यातून बाहेर पडण्याचे दार तो दाखवीत नाही. भयपटाला भयाचाच शेवट हवा असतो, हे आम्ही जाणतो. परंतु समीक्षकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. असत्य बोलणाऱ्याला केवळ विनाशच आहे काय?

अम्बलट्ठिकराहुलोवाद सुत्त या प्रश्नाचे उत्तर देते. अट्ठकथेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा सामणेर होता. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, ते फेकून, भांडे पालथे घालून, जाणूनबुजून असत्य बोलण्याची ज्याला लाज नाही त्याचे श्रमणत्व किती उरते हे भगवंतांनी त्याला समजाविले. मग आरशाची उपमा दिली. आरसा पाहण्यासाठी असतो. तसेच कायेने, वाणीने आणि मनाने कोणतेही कम्म करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर ते पाहावे. आणि वाणीने झालेले कम्म अकुशल होते असे दिसले तर? तेथे शिक्षा सांगितलेली नाही. ते शास्त्यासमोर किंवा विज्ञ सब्रह्मचाऱ्यांसमोर सांगावे, उघड करावे, आणि पुढे संयम राखावा, इतकेच सांगितले आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे जे सात धम्मपर्याय नावाने सांगितले त्यांत मुसावादाविषयीचा हा राहुलोवाद आहे. सम्राटाला तो महत्त्वाचा वाटला, कारण राज्यही वाणीवरच चालते.

विनयात हाच विचार संघाच्या आचारात उतरला. पातिमोक्खाच्या निदानात, दोष घडला असता तीनदा विचारूनही जो भिक्खू गप्प राहतो त्याचे मौन हेच जाणूनबुजून बोललेले असत्य ठरते. आणि दोष उघड केला असता चित्ताला स्वास्थ्य लाभते, असे म्हटले आहे. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात पितृहत्या केलेला अजातशत्रू आपला अपराध बोलून दाखवितो. भगवंत त्याला शाप देत नाहीत. दोषाला दोष म्हणून पाहणे आणि यथाधम्म त्याचा प्रतिकार करणे यात आर्यविनयात वृद्धी आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. कक्षाचे दार आतून उघडते, हा या सर्व वचनांचा मथितार्थ. ‘बूथ’मधील निवेदकाच्या समोर ध्वनिक्षेपक आहे, हजारो कान त्याच्याकडे लागले आहेत. कबुली देण्यास इतकी योग्य जागा दुसरी कोणती? परंतु चित्रपटाला ती जागा सापळा म्हणूनच हवी आहे.

हे केवळ ग्रंथातील आदर्श आहेत, असे कोणी म्हणू नये, म्हणून जपानमधीलच एक उदाहरण देतो. ते आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचे आहे. जपानमध्ये बुराकुमिन हा समाज शतकानुशतके अस्पृश्यतेसारखा भेदभाव सोसत आला. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द झाला. १९२२ साली क्योतो येथे त्यांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना स्थापन केली. बौद्ध मंदिरांनीही या भेदभावात भाग घेतला होता. मृत बुराकुमिनांना मरणोत्तर जे धम्मनाम दिले जाई त्यात ‘जनावर’, ‘चाकर’ अशा अर्थाची अक्षरे घालून त्यांची जात थडग्यावर आणि मंदिराच्या नोंदवहीत कायम केली जाई. असे असता १९७९ साली अमेरिकेतील प्रिन्सटन येथे भरलेल्या विश्व धर्म-शांती परिषदेत सोतो झेन संप्रदायाचे प्रमुख मुनेओ माचिदा यांनी जपानमध्ये असा भेदभाव नाहीच, असे विधान केले. हा मुसावाद एका व्यक्तीच्या मुखातून निघाला, परंतु तो एका संस्थेचा होता. बुराकु मुक्ती चळवळीने त्याला आव्हान दिले. संप्रदायाला आपल्या मंदिरांतील नोंदवह्या आणि थडगी तपासावी लागली. ती अपमानकारक नावे शोधून बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. १९८४ साली माचिदांनी आपले विधान मागे घेऊन क्षमा मागितली. पुढे १९९२ साली याच संप्रदायाने साम्राज्यवादी युद्धाला आपण दिलेल्या साथीबद्दल पश्चात्तापाचे निवेदन प्रसिद्ध केले.

या घटनेने अन्याय संपला, असे आमचे म्हणणे नाही. परंतु येथे ‘खोटे’ असे म्हणणारा आवाज विहिरीतून आला नव्हता. तो जिवंत, संघटित माणसांचा होता. आणि ज्यांना तो ऐकावा लागला त्यांनी अखेरीस नोंदवह्या उघडल्या. ओकिकूच्या कथेहून हे फार वेगळे आहे, आणि आमच्या मते अधिक बौद्ध आहे.

मग हा चित्रपट पाहावा काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. विहारांतील अभ्यासवर्गांत तरुणांना पंचशील शिकविताना चौथे शील बहुधा घाईघाईने उरकले जाते. मद्यपानावर व्याख्याने होतात. असत्यावर होत नाहीत, कारण असत्य आम्हाला किरकोळ वाटते. अशा वर्गात बालपण्डित सुत्ताच्या जोडीने हा चित्रपट दाखवावा, आणि भूत वगळून काय उरते याची चर्चा करावी. पुष्कळ उरते, असा आमचा विश्वास आहे.

ती चर्चा स्वतःपासून सुरू व्हावी. नभोवाणीच्या कक्षात पूर्वी एखादाच माणूस बसत असे. आज प्रत्येकाच्या हातात तो कक्ष आहे. भगवंतांनी न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या नावाने, बाबासाहेबांनी न लिहिलेले विचार त्यांच्या छायाचित्रासह, दररोज एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर जात आहेत. पाठविणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो, श्रद्धाच असते. फसविण्याचे चित्त नसेल तर अट्ठकथेच्या कसोटीने तो पूर्ण मुसावाद होणार नाही, हे खरे. परंतु चौथे अंग मात्र तेथे हजारो मनांत पूर्ण होत राहते. वाक्य खरे आहे की नाही हे पाहण्याचे कष्ट न घेता ते पुढे ढकलणाऱ्याने आरसा पाहिला, असे म्हणता येणार नाही. ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक विधानाला ग्रंथाचा आधार दिला त्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हे शोभत नाही. उद्या विरोधक एक खोटे वाक्य दाखवून शंभर खऱ्या वाक्यांना खोटे म्हणतील, तेव्हा तो आवाज कोणा भूताचा नसेल. वाक्य पुढे पाठविण्यापूर्वी मूळ ग्रंथ उघडावा, आणि चुकीचे पाठविले गेले असेल तर ज्यांना पाठविले त्यांनाच ते चुकीचे होते असे कळवावे. राहुलाला सात वर्षांच्या वयात जे सांगितले गेले ते याहून अवघड नव्हते.